टोपोग्राफिकल टेस्टच्या रूट ड्रॉइंगसाठी ऑनलाइन प्रॅक्टिस: पैसे द्यावेत का?

लंडनला मिनीकॅब (आधी बुक करायची खासगी टॅक्सी) चालवायची तर टीएफएलचं, म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं लायसन्स हवं आणि त्यासाठी टोपोग्राफिकल टेस्ट, म्हणजे नकाशा वाचून रस्ता काढायची परीक्षा. काळ्या टॅक्सीवाल्यांची 'नॉलेज' ही परीक्षा वेगळी, त्यांना चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले ३२० रन (ठरलेले रूट) तोंडपाठ लागतात, आपल्याला तेवढं नाही, पण नकाशा वाचता आलाच पाहिजे आणि आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची गाडी अडते ती रूट ड्रॉइंगला. समोर नकाशा, इथून तिथे रस्ता काढा, सॅटनॅव्ह विसरा.

मी एका प्रॅक्टिस वेबसाइटचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. नाव लिहीत नाही, पण कुठलीही घेणार असाल तरी हे वाचून घ्या.

चांगलं आधी सांगतो. हाताला सवय होते. क्लिक करत करत रेषा पुढे न्यायची, रस्ता सोडला की लगेच कळतं, आणि वेळ लावून करता येतं त्यामुळे घाई अंगवळणी पडते. मोबाइलवर मात्र करू नका, बोटाने बारीक गल्ल्या धरता येत नाहीत, लॅपटॉप आणि माऊसच पाहिजे.

आता खरी तक्रार. चुकलं की नुसती लाल फुली येते, का चुकलं ते सांगतच नाही. ब्रेंटफर्ड ते चिझिक बघा, तिथे एम४ मोटरवे खांबांवरून जातो आणि बरोबर त्याच्या खाली ए४ हा साधा मुख्य रस्ता, नकाशावर दोन्ही रेषा एकमेकींवर बसलेल्या. नवीन माणूस खालून वर उडी मारतो आणि फुली खातो. रस्ते नकाशावर एकमेकांना कापतात म्हणजे तिथे वळता येतंच असं नाही, वर पूल असू शकतो, जंक्शन कुठे आहे ते आधी शोधायचं, ही एक गोष्ट कुणी नीट समजावली तर अर्धी टेस्ट तिथेच सोपी होते. पैसे घेता तर एवढं सांगा ना!

दुसरं म्हणजे नकाशा जुना. बार्न्सहून हॅमरस्मिथला जायला हॅमरस्मिथ ब्रिजवरून रेषा काढली तर ती चक्क बरोबर धरते. तो पूल एप्रिल २०१९ पासून गाड्यांना बंद आहे, पटनी ब्रिज नाहीतर चिझिक ब्रिजने जावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला सिल्व्हरटाउन टनेल तर त्यात नाहीच. ज्याला उद्या पॅसेंजर घेऊन जायचंय त्याला हे शिकवणं बरोबर नाही, मला याचा मनापासून राग आला.

मला जास्त उपयोग झाला तो ए-झेडच्या अ‍ॅटलसचा, म्हणजे लंडनच्या रस्त्यांच्या छापील नकाशा-पुस्तकाचा. इंडेक्समध्ये रस्ता शोधायचा, पान आणि चौकोन बघायचा, पानावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि पेन्सिलने रूट काढायचा. पान संपलं की पुढचं कुठलं ते कडेला छापलेलं असतं, तिथे हात थांबू द्यायचा नाही. सेकंडहँड घेऊ नका, नवीनच आवृत्ती घ्या, वरच्यासारखे घोळ टळतात.

आणि रूट ओळखीचे घ्या. माझा आवडता म्हणजे हीथ्रो ते डॉलिस हिल, आपलं १९३२ सालचं महाराष्ट्र मंडळ तिथेच आहे ना. एम४ ने चिझिक राउंडअबाउट, तिथून ए४०६ नॉर्थ सर्क्युलर, हँगर लेन, नीस्डन, स्टेपल्स कॉर्नरला ए५ वर दक्षिणेकडे आणि मग उजवीकडे डॉलिस हिल लेन. एकाच रूटमध्ये मोटरवे, हँगर लेनचं मोठं जायरेटरी (गोल फिरणारं वन-वे जंक्शन), रिंग रोड सगळं येतं. उलटा पण काढून बघा, कारण वन-वेमुळे परतीची रेषा बऱ्याचदा वेगळी निघते.

पाचपैकी तीन स्टार देईन, तेही हाताच्या सवयीसाठी. आधी अ‍ॅटलस घ्या, मुख्य ए-रोड आणि थेम्सवरचे पूल-बोगदे पक्के करा, टेस्टची तारीख हातात आली की मग एका महिन्याचं सबस्क्रिप्शन पुरे. सहा महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारायला बघतात, ते घेऊ नका. आणि पैसे भरण्याआधी फ्री डेमोत हॅमरस्मिथ ब्रिज तपासा, त्यावरून गाडी नेऊ देत असेल तर सरळ दुसरी साइट बघा.