केन्स आधी की फ्रीडमन?

मंदी-महागाई नीट समजून घ्यायची तर आधी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स वाचायला धरू की अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन, असं एकाने विचारलंय. दोघांना तेच प्रश्न लावून बघू.

मंदी का येते? केन्स १९३६ मध्ये सांगतो की मागणी आटते, लोक आणि कंपन्या खर्च थांबवतात, आणि एकाचा खर्च म्हणजेच दुसऱ्याची कमाई असल्यामुळे सगळंच खाली जातं, मग बाजार आपोआप लवकर सावरेल याची काही गॅरंटी नाही. फ्रीडमन म्हणतो पैशाकडे बघा. त्याने आणि अर्थशास्त्रज्ञ ॲना श्वार्ट्झने १९६३ मध्ये दाखवलं की १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेतला पैशाचा साठा (लोकांकडची रोकड आणि बँकांतल्या ठेवी) साधारण एक तृतीयांशाने घटला, बँका धडाधड बुडत होत्या आणि फेडरल रिझर्व्हने (फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक) ही घसरण थांबवली नाही. हा पुरावा मला अजूनही जबरदस्त वाटतो, केन्सवाल्यांनाही तो टाळता आला नाही.

उपाय? केन्सचा सरकारी खर्च, फ्रीडमनचा पैसा ठरलेल्या संथ गतीने वाढवणं.

अडकले दोघंही. १९७० च्या दशकात महागाई आणि बेकारी एकत्र वाढली तेव्हा केन्सच्या अनुयायांची पंचाईत झाली, तर पैसा फिरण्याचा वेग (तोच पैसा वर्षात किती वेळा खर्च होतो) स्थिर राहीना म्हणून १९८२ मध्ये फेडने पैशाच्या वाढीचं टार्गेट बाजूला ठेवलं.

वाचायला फ्रीडमन सोपा, केन्स जड.

बेकारी आणि सरकारी बजेट कळायचं असेल तर केन्सच घ्या, कितीही जड गेला तरी. महागाई आणि मध्यवर्ती बँकेत रस असेल तर फ्रीडमन.