घोडा सांभाळायला द्यायचाय? लोह्याजवळचा तबेला कसा आहे

मालकी आपलीच ठेवून घोडा दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायचा, तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगाव यात्रेच्या परिसरातला हा तबेला पाहण्यासारखा आहे. खण १२ बाय १२ फुटांचे, जमीन मुरमाची आणि कोरडी. सावलीला कडुलिंबाची झाडं आहेत, म्हणजे मे महिन्याची चिंता निम्मी मिटली. पाणी दिवसातून तीनदा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला उन्हाळ्यात ४० लिटरपेक्षा जास्त लागतं, ते इथं मिळतं.

चाऱ्यात मात्र गडबड आहे. आपल्याकडं कडबा मुबलक, म्हणून तोच अख्खा टाकतात. जाड धांडं, त्यात कधी पाणी कमी पडलं तर आतडं तुंबतं, पोटशूळ उठतो. कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करून द्यायला सांगावं. सुका चारा रोज सहा-सात किलो हवा. हिरवी ज्वारी सतत नकोच, तिच्यानं मूत्राशय बिघडतं आणि मागचे पाय लुळे पडतात. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

नालबंद बोलावलं तरच येतो. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापायलाच हवेत, तारीख आपणच लक्षात ठेवायची. पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढतात, त्यांच्यामुळं सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो; अंगाला ताप आणि पोटाखाली सूज दिसली की रक्त तपासून घ्यावं.

करार कागदावर करा: औषधाचा खर्च कुणाचा, स्वारी कोण करणार, परत घेताना किती दिवस आधी सांगायचं. लग्नाच्या वरातीला घोडा न्यायचा नाही, हे ठळक लिहा. हंगामात मोह आवरत नाही कुणाला. आधी पंधरा दिवस ठेवून पाहा.