चायनात इंग्लिश टीचर बनवणारं ठाण्याच्या नौपाड्यातलं पॅकेज : कोर्स घ्या, प्लेसमेंट नको

कोर्सला चार स्टार, प्लेसमेंटला एक, आणि तो एकसुद्धा चहा चांगला देतात म्हणून. इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाहीये कारण अगदी हेच पॅकेज याच भाषेत वाशीलाही विकताना ऐकलंय, त्यामुळे नावापेक्षा तिथे जाऊन काय विचारायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल. पॅकेज असं आहे, १२० तासांचा टेफल कोर्स (इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांना इंग्लिश कसं शिकवायचं त्याचा), त्याचे २८ हजार, आणि वर 'चायना प्लेसमेंट' हवी असेल तर आणखी सव्वा लाख, त्यात इंटरव्ह्यू, व्हिसा, एअरपोर्ट पिकअप आणि पहिल्या आठवड्याचं हॉटेल. माझी मावसबहीण ऐरोलीला शाळेत इंग्लिश शिकवते, तिने कोर्स केला आणि प्लेसमेंटचे पैसे भरायच्या आधी मला सोबत घेऊन गेली, कारण मी चीनमधल्या चेंगडूला एका इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवून आलेय. गणित, इंग्लिश नाही. हा फरक पुढे लागणार आहे.

आधी कोर्सचं सांगते, कारण तो खरंच चांगला आहे आणि चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे. ट्रेनर मॅडम कडक आहेत. आपल्याकडे शिकवताना सवय काय असते, की धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, आणि चाळीस मिनिटांतली पस्तीस आपणच बोलायचं. मॅडम डेमो लेसनला घड्याळ लावून बसतात, तुम्ही किती बोललात आणि समोरचे किती बोलले ते नंतर तोंडावर सांगतात. बहिणीचा पहिला डेमो झाल्यावर ती घरी येऊन रडकुंडीला आली होती, पण तीन आठवड्यांनी तिच्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गात फरक दिसायला लागला असं ती स्वतः म्हणते. फ्लॅशकार्ड कसं धरायचं, सूचना चार शब्दांत कशी द्यायची, 'समजलं का?' असं न विचारता समजलंय की नाही ते कसं तपासायचं, हे सगळं हातात बसेपर्यंत करून घेतात.

चिनी मुलांच्या अडचणींवर एक पूर्ण सेशन आहे आणि ते मी मागे बसून ऐकलं, बरोबर होतं. त्यांच्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे 'यस्टर्डे आय गो' हे वर्षानुवर्षं सुटत नाही. बोलताना तो आणि ती दोन्हीचा उच्चार एकच, म्हणून 'माय मदर, ही इज अ डॉक्टर' हे अगदी हुशार मुलगाही बोलून जातो. आणि व्ही-डब्ल्यूचा घोळ, ज्यावर मॅडमनी आमच्याकडेच बघून सांगितलं की हा तुमचाही आहे, आधी तुमचा काढा. वर्गातले निम्मे लोक हसले, उरलेल्यांना 'व्हेरी वेल' दहा वेळा म्हणायला लावलं.

त्यांनी एक गोष्ट जरा कमी सांगितली ती मी भर घालते. तिथे इंग्लिश तिसरीपासून सक्तीचं आहे आणि सगळं शेवटी गाओकाओला जाऊन मिळतं, म्हणजे जूनमधली ती बारावीनंतरची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, २०२४ ला १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० मार्क परदेशी भाषेचे, आणि ती भाषा बहुतेकांची इंग्लिशच. त्यामुळे सरकारी शाळेत गेलात तर गाणी-खेळ एका मर्यादेपर्यंतच, आठवीच्या पुढे मुलं सरळ विचारतात की हे परीक्षेला आहे का. ग्रामरमध्ये ती आपल्याला हरवतील, पण उभं करून दोन वाक्यं बोल म्हटलं की मान खाली. दुपारी जेवणानंतर अख्खा वर्ग बाकावर डोकं टेकून झोपतो आणि लाइट बंद होतात, तेव्हा आपणही शांत बसायचं. मला ही पद्धत फार आवडली, ठाण्यातल्या शाळांनी उचलायला हरकत नाही.

आता प्लेसमेंट.

काउन्सेलर मुलगा पंचविशीतला, बोलायला गोड. महिना १८ हजार युआन, म्हणजे आपले दोन लाखांच्या वर, घर फ्री, आठवड्याला वीसच तास. बहिणीचे डोळे चमकले. मी विचारलं वर्क परमिट कुठल्या कॅटेगरीत करणार. म्हणाला, "मॅडम, आधी बिझनेस व्हिसावर जायचं, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट होतो, सगळे असेच जातात." मी म्हटलं, परमिटवर एम्प्लॉयर म्हणून कोणाचं नाव असेल? "आमची पार्टनर स्कूल." कुठली? "ते पेमेंटनंतर शेअर करतो." इथे मी चहा संपवला.

नियम नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. चीनमध्ये वर्क परमिटची आत्ताची सिस्टीम १ एप्रिल २०१७ पासून देशभर आहे. त्यात भाषा शिकवणाऱ्याला तीन गोष्टी लागतात, एक म्हणजे तो स्वतःच्या देशाची मातृभाषा शिकवणारा हवा, दुसरी बॅचलर डिग्री, तिसरी भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव. टेफलसारखं सर्टिफिकेट असेल किंवा डिग्री एज्युकेशनची असेल तर अनुभवाची अट माफ होते. फक्त अनुभवाची! पहिली अट तशीच राहते, आणि ती प्रत्यक्षात पासपोर्ट बघूनच लावतात, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. काही ठिकाणी त्या देशांत डिग्री केलेल्यांचा विचार होतो, पण ठाण्यात शिकून भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला सरळ रस्ता नाही. म्हणजे २८ हजारांचं सर्टिफिकेट जी अट उडवतं ती बहिणीला लागूच नव्हती, तिचा अनुभव आठ वर्षांचा आहे, आणि जी अट आडवी येते तिला ते सर्टिफिकेट हातही लावत नाही. ब्रोशरमध्ये यातलं एक अक्षर नाही.

हे न्याय्य आहे का? अजिबात नाही. माझ्या शाळेत एक तरुण इंग्लिश शिकवायचा, केपटाऊनचा, चांगला मुलगा, पण स्पेलिंग मला विचारायला यायचा, पगार माझ्यापेक्षा जास्त. चिडून उपयोग नाही, नियम त्यांचा आहे.

आणि 'सगळे असेच जातात' म्हणणारे जेव्हा पकडले जातात तेव्हा काय होतं तेही ऐका. तिथला परदेशी लोकांच्या येण्याजाण्याचा कायदा २०१३ पासून लागू आहे, परवान्याशिवाय काम केलं तर ५ हजार ते २० हजार युआन दंड, प्रकरण गंभीर धरलं तर ५ ते १५ दिवस कोठडीसुद्धा, आणि परत पाठवलं तर १ ते ५ वर्षं चीनमध्ये पाऊल टाकता येत नाही. बिझनेस व्हिसावर आणि स्टुडंट व्हिसावर शिकवणारे सगळे यातच मोडतात. सव्वा लाख देऊन हे विकत घ्यायचं का, तुम्हीच ठरवा.

काउन्सेलरने मग दुसरं काढलं, "मॅडम मग ऑनलाइन करा, घरबसल्या चायनीज स्टुडंट्स." हे तर गेलंच. जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खाजगी ट्यूशनवर जो बडगा उगारला त्यात चीनबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घेणं बंद झालं, मोठमोठ्या कंपन्या आडव्या झाल्या. त्याला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

सरळ रस्ता ज्यांना हवा त्यांच्यासाठी, विषय शिकवा. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री इंग्लिशमधून शिकवणाऱ्या इंटरनॅशनल शाळा आहेत, त्यांना संबंधित डिग्री आणि किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तिथे मातृभाषेची भानगड येत नाही. परमिटची नोटीस आधी शाळा काढते, ती आल्यावर तुम्ही झेड व्हिसा, म्हणजे नोकरीचा व्हिसा, घ्यायचा, तिथे उतरल्यावर ३० दिवसांच्या आत रेसिडन्स परमिटला अर्ज. उलट क्रम कोणी सांगितला तर उठून या. कागदांसाठी वेळ ठेवा, डिग्री आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी दूतावासाकडून अटेस्ट होते. चीन नोव्हेंबर २०२३ पासून एपोस्टिलमध्ये (दूतावासाच्या शिक्क्याशिवाय एकमेकांचे कागद मानायचा आंतरराष्ट्रीय करार) आलाय पण भारताने हरकत घेतलेली असल्यामुळे आपल्या दोघांमध्ये ते चालत नाही, त्यामुळे एपोस्टिलचे पैसे मागणाऱ्यालाही हात जोडा. पोलीस क्लिअरन्स वागळे इस्टेटच्या पासपोर्ट ऑफिसातून मिळतं, ते सगळ्यात सोपं काम.

ब्रोशरमधलं 'लाइफ इन चायना' हे पानही वाचलं. 'इंडियन फूड इझीली अव्हेलेबल'. शांघायला असेल. चेंगडूत हॉटपॉट, म्हणजे टेबलावर उकळत्या रश्श्यात शिजवून खायचा प्रकार, बीफच्या चरबीत उकळतो, मापो टोफू नावाने शाकाहारी वाटतो पण मूळ पद्धतीत त्यात बीफचा खिमा असतो, तेव्हा जे खात नाहीत त्यांनी वनशू मठातलं शाकाहारी हॉटेल लक्षात ठेवावं, तिथे मी कायम पडीक असायचे. एक मात्र आहे, त्यांची ती जीभ बधिर करणारी मिरी आपल्या तिरफळाचीच चुलत जात, कोकणातल्या माणसाला आठवड्यात सवय होते.

घराचं भाडं बहुतेक तीन महिन्यांचं आगाऊ आणि एक महिन्याचं डिपॉझिट, म्हणजे उतरल्या उतरल्या चार महिन्यांचे पैसे खिशात हवेत, हे पॅकेजवाले सांगत नाहीत कारण 'घर फ्री' लिहिलंय ना. घर घेतलं की २४ तासांत पोलीस चौकीत नोंदणी, टाळायची नाही. सरकारी हीटिंग उत्तरेतच, छिनलिंग डोंगर आणि हुआय नदीच्या रेषेच्या वर, चेंगडू खाली येतं त्यामुळे जानेवारीत घरात स्वेटर घालून झोपायचं, ओलसर थंडी, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत.

आणि घरी बोलायचं कसं? तिथलं चॅटचं ॲप वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद, व्हॉट्सॲप तिकडे बंद. आपलं सिम रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सॲप चालतं पण महाग पडतं. आमचं भावाच्या आयफोनवर फेसटाइम व्हायचं, आणि तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे आईची सिरीयल संपेपर्यंत माझी मध्यरात्र.

प्लेसमेंटचे पैसे बहिणीने भरले नाहीत. सर्टिफिकेट घेतलं, त्याच्या जोरावर घोडबंदरच्या एका आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत इंटरव्ह्यू दिलाय, बघू. कोर्स करायचा असेल तर शनिवार-रविवारची बॅच घ्या, तीच मॅडम घेतात, वीकडेला दुसरे एक सर आहेत ते पीपीटी वाचून दाखवतात. फी दोन हप्त्यांत घ्या म्हटलं की घेतात, आधी स्वतःहून सांगत नाहीत. पावतीवर फक्त कोर्सचं नाव लिहून घ्या, 'रजिस्ट्रेशन' असं मोघम लिहिलं तर बदलून मागा. लिफ्ट आहे, बंद असते. गाडी आणू नका, पार्किंग नाही आणि संध्याकाळी गोखले रोडवर जे होतं ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.