सेलचं घड्याळ की चावीचं? दुरुस्तीच्या खर्चाच्या बाजूनं पाहिलं तर

रोज हातात घालायला एखादं बरं घड्याळ घ्यायचं म्हटलं की दुकानदार आधी डायल दाखवतो, मग पट्टा, मग हप्ते. सेलचं घ्यायचं की चावीचं, हे बहुतेक वेळा डायल पाहतानाच ठरून जातं. पुढच्या पाच-सात वर्षांत ते दुरुस्तीला किती खाईल हा हिशोब नंतर सुरू होतो, आणि दोन्हींचा हिशोब अगदी वेगळा निघतो. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्हींनी जळगावचे उन्हाळे काढलेत, आणि दोन्हींसाठी मी पैसे मोजलेत. ऑटोमॅटिकला मी चावीच्याच खात्यात धरतो. त्यातही स्प्रिंगच असते, फक्त ती बोटांऐवजी हाताच्या हालचालीनं भरली जाते.

सेलच्या घड्याळात बिघडायला मुळात फार काही नाही. क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, सर्किट ते कंप मोजून दर सेकंदाला एक झटका देतं आणि इवलीशी मोटर काटा पुढे ढकलते. चाकांवर ताण जवळजवळ नाहीच. असं घड्याळ झिजून क्वचितच मरतं. बहुधा सेलच त्याचा जीव घेतो.

हे घराघरांत घडतं. लग्नात आहेरात आलेलं, मुलाला दहावीला घेतलेलं घड्याळ बंद पडतं, ‘टाकू कधीतरी सेल’ म्हणून कपाटात जातं आणि दोन-तीन दिवाळ्या तिथेच पडून राहतं. संपलेला सेल आतल्या आत गळतो. कॉन्टॅक्टवर पांढरा-हिरवट थर धरतो, तिथून सर्किट खराब होतं, कधी केसाहून बारीक तारेची कॉइलही जाते. शंभर रुपयांच्या आसपासचं काम मग मशीन, म्हणजे आतली अख्खी यंत्रणा, बदलण्यावर जातं. म्हणून माझा नियम सोपा आहे: सेल संपला की त्याच आठवड्यात बदलायचा, नाहीतर काढून ठेवायचा. बऱ्याच मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंदकाटा दर सेकंदाला न हलता दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. ती सूचना असते, घड्याळ बिघडलेलं नसतं. तेवढ्यावर घाबरून कोणी ‘पूर्ण सर्व्हिस’चे पैसे देऊ नयेत. घड्याळ थोडे दिवस वापरायचं नसेल तर काटे लावायची बाजूची चावी बाहेर ओढून ठेवली तरी चालतं. काटे थांबतात आणि बहुतेक मशीनमध्ये सेलही बराच वाचतो. मात्र वर्षभरासाठी ठेवायचं असेल तर सेल काढलेलाच बरा.

सेल कोणता टाकला हेही पाहावं. सर्वसाधारण तीन काट्यांच्या घड्याळात बऱ्याचदा ३७७ नंबरचा, म्हणजे एसआर६२६एसडब्ल्यू, हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल बसतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल एजी४ नावानं मिळतो आणि फारच स्वस्त पडतो. सिल्व्हर ऑक्साइडचा दाब १.५५ व्होल्टवर शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. अल्कलाइनचा हळूहळू उतरत जातो, आणि तो गळण्याची शक्यताही जास्त. खेळण्यात टाकायला एजी४ ठीक आहे. घड्याळात नको. बसस्टँडजवळच्या टपरीवर सेल टाकताना मी आधी पाकीट पाहायला मागतो. टपरीवाल्याला राग येतो, येऊ द्यावा.

झाकणाचंही तसंच. मागचं झाकण दर दोन-तीन वर्षांनी उघडलं जातं. ते चाकूनं उचकटलं आणि अंगठ्यानं दाबून बसवलं तर आतली रबरी रिंग चिमटते. मे महिन्याच्या उन्हानं आणि घामानं ती आधीच कडक झालेली असते. मग मृगाच्या पहिल्या पावसात काचेखाली धुकं दिसतं. काचेखाली धुकं दिसलं की घड्याळ उघडून वाळवून घ्यायचं, उन्हात ठेवून ‘उडून जाईल’ म्हणायचं नाही. पाणी तिथेच कुठेतरी बसून गंज चढवतं. पाठीवर ‘३० मीटर’ लिहिलंय म्हणून विहिरीत उडी मारू नये, हे इथे वेगळं सांगायला नको. तो आकडा हात धुण्यापुरता आहे.

उन्हाची एक गंमतही सांगतो. क्वार्ट्‌झचा स्फटिक साधारण २५ अंशांच्या आसपास सगळ्यात नेमका चालतो. त्याहून तापला किंवा गारठला, दोन्हीकडे तो मंदच होतो. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकला की कपाटात पडलेलं घड्याळ तेवढ्या तापलेल्या वेळात दिवसाला सेकंदभराच्या हिशोबानं मागे पडू शकतं. हातात घातलेलं घड्याळ शरीराच्या उबेत असल्यानं तेवढं भरकटत नाही. म्हणजे मे महिन्यात घड्याळ थोडं मागे पडलं तर ते दुरुस्तीला नेण्याचं कारण नाही. वेळ लावा आणि विसरा.

आणि इतकं करूनही मशीन गेलंच तर? साध्या तीन काट्यांच्या घड्याळात मियोटा २०३५ सारखं अख्खं मशीन काही शेकड्यांत बदलून मिळतं. जुनं दुरुस्त करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. जास्त काटे असलेल्या क्रोनोग्राफला, म्हणजे स्टॉपवॉचवाल्या घड्याळाला, मात्र हे लागू नाही. तिथे मशीन महाग, आणि ते नेमकं मिळेलच असंही नाही.

आता चावीचं. यात माझा जीव जास्त अडकलेला आहे, हे आधीच कबूल करतो. एचएमटीनं सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढची कित्येक वर्षं आपल्याकडच्या मास्तरांच्या, रेल्वेवाल्यांच्या मनगटावर दुसरं काही फारसं दिसत नव्हतं. माझी एचएमटी ‘जनता’ आजही चालते. १७ ज्वेलचं, म्हणजे फिरत्या टोकांना आधार देणाऱ्या सतरा खड्यांचं साधं मशीन, सकाळी चहाआधी चावी द्यायची की दिवसभराची सोय झाली. त्याची टिकटिक ऐकायला कान जवळ न्यावा लागत नाही.

पण ही यंत्रं तेलावर जगतात. असं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला १५ कोटींहून जास्त. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, दांड्याची टोकं एक दशांश मिलिमीटरच्या आसपास बारीक असतात आणि ज्वेलमधल्या तेलाच्या कणभर थेंबात फिरतात. तेल सुकलं तरी घड्याळ लगेच थांबत नाही, चालत राहतं आणि आतून झिजत राहतं. म्हणून चार-पाच वर्षांनी पूर्ण खोलून साफसफाई आणि नवं तेल लागतं, घड्याळ उत्तम चालत असलं तरी. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्यानं, जिथे सरकीची बारीक धूळ सगळीकडे शिरते, त्याहूनही लवकर करून घ्यावं.

बाकीची काळजी थोडक्यात. चावी घड्याळ हातातून काढून द्यावी आणि अडली की थांबावं. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग भरल्यावर ती घसरते, म्हणून तिथे ‘जास्त चावी’ची भीती नाही. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान तारीख बदलू नये. तेव्हा आतलं चाक आधीच तारखेला भिडलेलं असतं, आणि घाईत दात तुटतो. क्रिकेट, कुदळ, हातोडा असेल तेव्हा घड्याळ खिशात.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्यावा. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरचं मॅग्नेट, पर्सचं बटण, यांनी हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात. छोट्याशा डिमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढायच्या यंत्रावर, मिनिटभरात ते सुटतं. त्यासाठी कोणी मशीन खोलायची भाषा केली तर दुसरं दुकान गाठावं.

वेळेचं म्हणाल तर चावीचं घड्याळ दिवसाला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होणारच, आणि सेलचं साधारण महिन्याला तेवढं होतं. भुसावळला गाडी पकडणाऱ्याला दोन्ही चालतात. गाडीच वेळेवर नसते, तो भाग वेगळा.

इथवर दोघांचं पारडं माझ्या लेखी सारखंच होतं. ते झुकलं एका वैतागानं, आणि त्याचं नाव सर्व्हिस.

माझी ‘जनता’ मागे पडायला लागली म्हणून मी एका जुन्या दुकानात दिली. भिंग लावून पाहिलं, म्हणाले, ‘मशीन बढिया शे भाऊ, सर्व्हिस करी देतस.’ परत आली तेव्हा एकदम तरतरीत. पैसे वाजवी होते, मी खूश. पुढच्या उन्हाळ्यात ती रात्री-अपरात्री थांबू लागली. धुळ्याला जाणं झालं तेव्हा तिथल्या एका कारागिराला दाखवली. त्यांनी झाकण उघडून भिंग माझ्या हातात दिलं. काही ज्वेलच्या कडेला जुनं तेल काळं पडून बसलेलं, आणि जिथे तेलाचा टिपूसही नको त्या हेअरस्प्रिंगवर मात्र तकाकी. ‘हे खोललेलं नाही. पेट्रोलात बुडवून काढलंय आणि वरून तेल मारलंय,’ ते म्हणाले. मी पहिल्या दुकानात जाऊन विचारलं. तिथे तितक्याच ठामपणे सांगितलं की सगळं खोलून, पुसून, जोडून दिलंय, तेल तुमच्या वापरानं उडालं असेल.

कोण खरं, मला आजही सांगता येणार नाही, आणि माझा वैताग नेमका तिथेच आहे. ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की नाही ते काडी काढून पाहता येतं. घड्याळाचं काम झालं की नाही हे पैसे देणाऱ्याला कळायची सोयच नाही. पेट्रोलानं धुतलेलं मशीनही सुरुवातीला झक्क चालतं, कारण घाण निघालेली असते. ठोके मोजायच्या यंत्रावरही त्या दिवशी आकडे बरेच दिसतात. खोटं काम उघडं पडतं ते वर्षा-दीड वर्षानं, आणि तोवर कोरड्या टोकांची झीज होऊन गेलेली असते. मग बॅलन्सचा दांडा बदला, ज्वेल बदला. म्हणजे आजचं मोठं बिल कालच्या लहान बिलातच लपलेलं असतं. सेलच्या घड्याळात ही भानगड नाही. सेल टाकला, काटा फिरला, काम झालं. पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फाडलेलं असतं.

त्यात सुट्या भागांचा प्रश्न. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून भाग येतात ते बहुतेक दुसरी घड्याळं मोडून. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘नव्या कोऱ्या’ स्वस्त एचएमटींचे डायल पुष्कळदा नव्यानं रंगवलेले आणि आत तीन घड्याळांचे अवयव असतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणारा हाकेसरशी मिळतो. चावीचं मशीन शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलून पुन्हा जोडणारा माणूस मात्र विचारत विचारत शोधावा लागतो. असे कारागीर खानदेशात आहेत, उत्तम आहेत, पण बहुतेकांचं वय झालंय.

म्हणून कोणी विचारलं तर मी बिचकत का होईना, सेलचं घ्या म्हणतो. विशेषतः घड्याळ एकच असेल, रोज घालायचं असेल, आणि केळीच्या बागेत, दुचाकीवर, चिकात-घामात वावरायचं असेल तर. घामाचं पाणी झाकणाच्या कडेला साचतं, तेवढं आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायचं. चावीचं घ्यायचंच असेल तर आधी कारागीर शोधा आणि मग घड्याळ. खोललेले भाग बशीत मांडलेले दाखवायला जो तयार असेल, किमान फोटो काढून पाठवेल, त्याच्याकडेच द्या. तो थोडे जास्त पैसे मागेल. द्यावेत. असा माणूस तुमच्या गावात असेल तर माझं वरचं सगळं म्हणणं बरंच सैल होतं, हेही खरं.

तुमच्याकडे घड्याळं बरीच असतील आणि एकेक महिन्या-महिन्यानं हातात येत असेल, तर हिशोब पुन्हा उलटतो. पडून राहिलेल्या चावीच्या घड्याळात गळणारं काही नसतं. महिन्यातून एकदा थोडी चावी दिली की पुरे.

सोलरचा, म्हणजे उजेडावर चार्ज होणाऱ्या घड्याळाचा, पर्याय मला अलीकडे आवडू लागलाय. सेल यातही असतो, पण चार्ज होणारा, त्यामुळे झाकण वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही आणि रबरी रिंग शाबूत राहते. सिटिझनचं इको-ड्राइव्ह, कॅसिओचं टफ सोलर ही त्यातलीच. उन्हाची तर आपल्याकडे ददात नाही. फक्त ते अंधाऱ्या कपाटात महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, आणि चार्ज करायला म्हणून मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवायचं नाही. तिथल्या उष्णतेनं सेल लवकर म्हातारा होतो, आणि हा सेल ३७७ सारखा कोपऱ्यावर मिळत नाही. खिडकीजवळचा उजेड त्याला पुरतो.