जुन्या घरातलं वायरिंग: सगळं उपटायचं की एसी-गीझरच्या नव्या लाइन टाकून भागवायचं?

वर्षभरात दोन घरांच्या वायरिंगची भानगड निस्तरली, एक आमचं वाशीतलं सिडकोच्या बिल्डिंगमधलं, १९८४ सालचं, आणि दुसरं ठाण्यात नौपाड्यातलं मावशीचं, ते तर त्याहून जुनं. गंमत म्हणजे जास्त जुन्या घरात काम कमी निघालं आणि आमच्याकडे भिंती फोडायला लागल्या. त्यामुळे नुसतं बिल्डिंगचं वय मोजून ठरवू नका, आत वायर कुठली आहे, तिच्यावरचं प्लॅस्टिक जिवंत आहे का आणि अर्थिंग खरंच आलंय का, हे बघा.

मावशीकडे आधीच्या मालकाने कधीतरी तांब्याच्या वायरी भिंतीवरच्या पट्टीतून फिरवून घेतल्या होत्या. मेन बंद करून बोर्ड उघडला, वायर वाकवून बघितली, प्लॅस्टिक मऊ होतं, कुठे तडा नाही, अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक बोर्डापर्यंत आलेली. त्रास एवढाच की गीझरचा प्लग काळा पडायचा आणि एसी लावला की किटकॅट फ्यूज उडायचा, कारण दोन्ही एकाच लाइनवर. आता हिशोब बघा, २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचतो, दीड टनाचा एसी ७-८, म्हणजे दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीवर १६-१७ अँपिअर, ती तापणारच. वायर वाईट नव्हती, तिच्यावर ओझं जास्त होतं. मग नवा डीबी (जिथून घरातल्या सगळ्या लाइन फुटतात ती मेन पेटी), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), एसी आणि गीझरला ४ स्क्वेअर एमएमच्या वेगळ्या लाइन, सगळं पट्टीतून, तीन दिवसांत विषय संपला. त्यांच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट घाटतंय, तिथे भिंती फोडून पैसे घालणं म्हणजे वेडेपणाच झाला असता.

आमच्याकडचं प्रकरण वेगळं. वर गच्ची, पावसात स्लॅब झिरपतो, भिंतीत जुने लोखंडी पाइप आणि त्यात ॲल्युमिनियमच्या वायरी. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, जोड सैल होतो, वर ऑक्साइड चढतं आणि तो जोड तापत राहतो, हे मला नंतर कळलं. आधी दिसलं ते असं: जुलैत फ्रिजला हात लावला की मुंग्या यायच्या, मिक्सर लावला की हॉलमधला दिवा मंद व्हायचा, आणि बेडरूमच्या बोर्डापाशी जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास. बोर्ड खोलला तर वायरीवरचं प्लॅस्टिक शिळ्या पापडासारखं चुरा होऊन हातात आलं.

एमसीबी (वायरीवर ओझं जास्त झालं की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडायचा म्हणून एका वायरमनला बोलावलं तर तो म्हणाला, "साहेब, १६ चा छोटा पडतोय, ३२ चा टाकून देतो." असं कोणी म्हणालं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. एमसीबी वायर वाचवायला असतो, वायर तीच ठेवून तो मोठा केला की तो पडायच्या आधी भिंतीतली वायर जळते. दुसऱ्याने आरसीसीबी लावला, पहिल्याच पावसात तो ट्रिप व्हायला लागला, तर म्हणे काढून टाकू. अहो, तो पडतोय म्हणजेच कुठेतरी करंट गळतोय ना! (कधीकधी दोन लाइनचे न्यूट्रल, म्हणजे परतीच्या वायरी, एकत्र जोडलेले असले तरी पडतो, तेही तपासायचं.) शेवटी लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरने ५०० व्होल्टचा मेगर लावला, म्हणजे वायरीवरचं प्लॅस्टिक करंट किती अडवतं ते मोजणारं मीटर. रीडिंग निदान १ मेगाओहम तरी हवं, आमच्या दोन लाइन ०.२ वर. गंजलेल्या पाइपातून वायरी ओढून निघेनात, म्हणून भिंतीत झिऱ्या, म्हणजे वायरीसाठी खाचा, पाडाव्या लागल्या, अकरा दिवस घरभर सिमेंटची धूळ आणि आई सासुरवाडीला, म्हणजे माझ्या.

तर माझ्या मते ॲल्युमिनियम, चुरा होणारं प्लॅस्टिक, अर्थिंगचा पत्ता नाही किंवा मेगर खाली, यातलं काहीही निघालं तर पूर्ण बदला, अर्धं काम तिथे फुकट जातं. वायर तांब्याची आणि धड असेल तर नव्या लाइन आणि डीबी पुरतात. नुसता डीबी बदलून चकाचक झाल्यासारखं वाटणं, हा तिसरा पर्याय मी धरतच नाही. दिवे मंद होत असतील तर आधी शेजारी विचारा, सगळ्यांकडे होत असेल तर दोष बाहेरच्या सप्लायचा, फक्त तुमच्याकडे असेल तर कुठेतरी जोड सैल.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो, मीटर रूममधून वर येणारी केबल. घरात सगळं नवं आणि खालून येणारी जुनीच, म्हणजे दिवे तसेच मंद. तिला सोसायटीची परवानगी लागते, सेक्रेटरींना आधीच गाठा. लोड वाढणार असेल तर महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. रेट पॉइंटवर, म्हणजे दिवे-प्लग किती ते मोजून, असतो, कोटेशनमध्ये वायरचा साइज आणि कंपनी लिहून घ्या, नाहीतर ४ च्या जागी अडीचची जाते.

आणि झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप धरून. पडद्याचा रॉड लावणारा ड्रिल घेऊन उभा राहिला तेव्हा मोबाइल काढून दाखवला, आणि रॉड चार इंच वर सरकला.