चिकन-भात: सगळं एका कुकरात, की कढई वेगळी?

आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे बहुतेक बुधवारी नाहीतर शुक्रवारी, रात्री झणझणीत चिकन आणि भात एका वाडग्यात घेऊन बसायचं असेल, तर घरी करण्याचे रस्ते दोनच. एक म्हणजे कांदा-मसाला कुकरातच परतायचा, त्यात चिकन, तांदूळ, पाणी घालून झाकण लावायचं. दुसरा म्हणजे भात साधा लावायचा, चिकन कढईत कोरडं परतायचं आणि दोघांची गाठ वाडग्यात घालून द्यायची. तिसरा रस्ता पार्सलचा. तो सगळ्यांना पाठ आहे.

निवडताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी असं मला वाटतं. सोलापुरात रात्रीचं खरं जेवण भाकरीचं. भात मागाहून, दोन घास. हा वाडगा आठवतो तेव्हा भाकऱ्या थापायला उभं राहण्याचं त्राण कुणात नसतं. तेव्हा या वाडग्याला भाकरी-रश्श्याइतकाच खटाटोप लागणार असेल, तर मग भाकरीच काय वाईट?

त्या हिशेबाने कुकर आधीच जिंकलेला दिसतो. माझा एक मित्र तर वादच घालू देत नाही. "एवढं कशाला बे, सगळं एकात टाक, शिट्ट्या काढ अन् मोकळा हो." त्याचं चूक आहे असं म्हणवत नाही. हाडासकट चिकन असेल, त्यात लेगपीस जास्त असतील, तर कुकरातला भात जो रस पितो त्याला तोड नाही. शिताशिताला मसाला लागलेला असतो. कढईवाल्या भाताला ती गंमत येत नाही, तो आपला पांढराच राहतो. शिवाय एकच शेगडी अडते आणि शिट्टी होईपर्यंत माणूस स्वयंपाकघराबाहेर बसू शकतो. एप्रिल-मे महिन्यात, बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो आणि रात्री आठलाही ओटा तापलेला असतो, तेव्हा हा मुद्दा लहान नाही. मोठ्या आचेवरच्या कढईसमोर दहा-बारा मिनिटं उभं राहणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसांत माझंही मन जरा डळमळतं, हे कबूल.

बोनलेसचं मात्र कुकरात जमत नाही. तांदूळ शिजेपर्यंत छातीच्या मांसाचे दोरे होतात. लेगचं बोनलेस त्यातल्या त्यात तग धरतं. चवीचीही एक अडचण आहे. या चिकनला लागतं ते काळं तिखट, म्हणजे मिरची आणि भाजलेल्या खोबऱ्याचा घरचा मसाला, घराघराचं वेगळं, आणि एकाच घरातलंही यंदाचं वेगळं, गेल्या सालचं वेगळं. मिरची कुठली मिळाली, खोबरं किती भाजलं गेलं, यावर सगळं असतं. झाकण एकदा लागलं की मीठ-तिखट बघायची सोय संपली. उघडल्यावर कमी निघालं तर वरून भुरभुरून भागवायचं, जास्त निघालं तर दह्याची वाटी पुढे सरकवायची.

पण या दोन्ही गोष्टींवरून मी कुकर सोडला नसता. सोडला तो तळामुळे.

काळ्या तिखटाचा चिकन-भात कुकराच्या तळाला लागतो. दर वेळी लागत नाही, पण कधी लागेल याचा नेम नाही, आणि मला वाटतं त्रास त्या बेभरवशाचाच जास्त आहे. कारण तसं साधं आहे. तांदूळ पाणी ओढून घेतो. भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा यांचा दाट मसाला खाली बसतो. आच तळालाच असते, आणि बंद भांड्यात तो हलवायला कुणी नसतं. त्यात कुकर पातळ ॲल्युमिनियमचा असेल तर बोलायलाच नको. तिसऱ्या शिट्टीबरोबर जो वास येतो त्यावरूनच कळतं. वरचा भात बघायला छान मोकळा असतो, पण खाताना जळकट वास घासाघासाला सोबत करतो.

आणि मग तो तळ. मधोमध तांबूस-काळी चकती, कडेला किंचित उचललेली. उलथन्याचं टोक घातलं की भाताचा पापुद्रा सुटून येतो आणि वाटतं निघालं. पण त्याखाली काळा, चकचकीत, डांबरासारखा थर तसाच असतो. त्याला रात्रभर पाणी घालून ठेवा. सकाळी सोडा घालून तेच पाणी उकळा. मग घासा, ओता, परत घासा, परत ओता. ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांना हे फार वाटणार नाही. सोलापुरात बऱ्याच भागांत काही दिवसांआड पाणी येतं, आमच्याकडेही तसंच. पाणी आलं की टाकी भरायची, पिंप भरायचं, हंडे-कळशा भरायच्या, आणि पुढची पाळी येईपर्यंत त्यात भागवायचं. अशा घरात सकाळच्या घाईत एका कुकराच्या बुडासाठी अर्धी बादली ओतताना जीव तुटतो. भांडी कमी पडावीत म्हणून कुकर काढायचा आणि दोन भांड्यांना लागलं नसतं इतकं पाणी त्या एकाला घालायचं, हे गणित मला काही पटेना.

यावर लोक दोन तोडगे सांगतात. पहिला म्हणजे भांड्यात भांडं: कुकरात पाणी, आत डब्यात चिकन-भात. लागत नाही, खरं आहे. पण मसाला आणि चिकन आधी परतायला कढई लागतेच. म्हणजे कढई झाली, डबा झाला, कुकर झाला, वाचलं काय? दुसरा तोडगा जाड बुडाच्या स्टीलच्या कुकराचा. त्याने फरक पडतो, बराच पडतो. तरीही पाण्याचा अंदाज थोडा चुकला की मूळ पदावर. बिर्याणीला जुना तवा खाली ठेवून दम देतात, तसं इथेही करता येतं. पण मग वेळ वाढतो, आणि बुधवारी रात्री वेळच तर नसतो.

कढईत काय होतं ते आता सांगतो. चौघांसाठी अर्धा किलो लेगचं बोनलेस, फार बारीक नको. सकाळी कामाला जाण्याआधी त्याला दोन मोठे चमचे घट्ट दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि दीड-दोन चमचे काळं तिखट चोळून फ्रिजमध्ये ठेवायचं. तिखट दह्यात मिसळलेलं असलं की कढईत लगेच करपत नाही. नुसतं तापल्या तेलात पडलं तर क्षणात काळं होऊन ठसका उठवतं. संध्याकाळी आधी तांदूळ धुऊन भिजत घालायचा. जुना कोलम किंवा सोनामसुरी, दुप्पट पाणी. बासमती इथे वाया जातो. इंद्रायणी चिकट होतो, पण ज्यांना थोडा रस्सा ठेवायचा आहे त्यांनी तोच घ्यावा.

भाताचा कुकर एका शेगडीवर, लोखंडी कढई दुसऱ्या. तेल चांगलं तापू द्यायचं, उभा जाड चिरलेला कांदा टाकायचा, तो कडेने तांबडा झाला की चिकन. आता हात आवरायचा. घातल्या घातल्या ढवळलं की दह्याचं पाणी सुटतं आणि चिकन परतण्याऐवजी उकडायला लागतं. एक बाजू धरू द्यायची, मग उलटायचं. पाणी सुटतंच, ते मोठ्या आचेवर आटू द्यायचं. तेल कडेला दिसायला लागलं आणि सगळ्यात मोठा तुकडा मोडून आत गुलाबी राहिला नसल्याची खात्री झाली, की गॅस बंद. मध्ये चव बघता येते. लहान मुलाचा वाटा तिखट वाढवण्याआधी बाजूला काढता येतो, आणि आमच्या घरी यानेच रात्रीची अर्धी कटकट मिटली. नॉनस्टिकमध्ये हे सगळं होतं, पण इतक्या आचेवर ते भांडं वापरू नये, आणि कडेचा तो किंचित करपलेला, चिकट मसाला त्यात मिळत नाही.

वाडग्यात भात, त्यावर चिकन, बाजूला कांदा-काकडी, लिंबाची फोड. आणि सगळ्यात वर शेंगा चटणी. कुटलेली, तेल सुटलेली, बोटाला चिकटणारी. कोरडी भुरभुरीत असेल तर राहू द्या. गॅस बंद केल्यावरच घालायची. शेंगदाण्याने चिकनचा तिखटपणा गोल होतो आणि कोरड्या भाताला ओल येते. कुकरच्या भातावरही लोक ती घालतात, पण तिथे मसाला आधीच इतका असतो की ती हरवून जाते.

राहिलं कढई घासायचं. चिकन काढून घेतलं की रिकाम्या कढईत दोन मुठी गरम भात टाकायचा आणि कडेकडेने कालवायचा. तो भात कोणी खायचा यावर आमच्याकडे रोखठोक भांडण होतं. खाऊन झाल्यावर कढईत पुसायलाही फारसं काही उरत नाही; तांब्याभर गरम पाणी, घासणी, कोरडी करून तेलाचं बोट. भाताच्या कुकराला तर नुसतं विसळलं तरी चालतं, आणि ते पाणी तुळशीला जातं. एवढं मात्र करा: उरलेलं चिकन त्याच कढईत ठेवू नका. दही-लिंबू लोखंडाशी रात्रभर राहिलं की काळं पडतं, चवही कळते. स्टीलच्या डब्यात काढा. भात आणि चिकन दोन्ही उन्हाळ्यात तासाभरात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

उरण्यावरून आठवलं. कुकरातला उरलेला चिकन-भात दुसऱ्या दिवशी फक्त चिकन-भातच असतो, आणि परत गरम करताना त्याचा लगदा होतो. कढईतलं चिकन वेगळं उरतं. सकाळी ते कडक भाकरीवर चुरून कालवता येतं, डब्यात पोळीत गुंडाळता येतं. दुसऱ्या पाळीवरून उशिरा येणारं माणूस घरात असेल तर हा फरक रोजच्या रोज जाणवतो.

अर्थात प्रत्येकाच्या घरची घडी वेगळी. एकटे राहत असाल, शेगडी एकच असेल, किंवा चिकन हाडासकटच हवं असेल, तर मी कढईचा आग्रह धरणार नाही. कुकरच ठेवा, पण थोडं सांभाळून. मसाला परतून झाला की पाणी घालून तळ उलथन्याने एकदा नीट खरवडून घ्या, चिकटलेलं काही राहू देऊ नका. तांदूळ शेवटी वरून पसरा आणि मग ढवळू नका. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, पुढे गॅस अगदी बारीक. काळं तिखट निम्मंच आत घाला, उरलेलं दह्यात कालवून मग गरम तेलात घाला आणि वरून द्या. खाली बसायला जितकं कमी तितकं बरं. आणि त्यात आंबेमोहोर घालू नका. मसाल्यात त्याचा वास कुणाला लागत नाही, पैसे तेवढे जातात.