पेनल्टी कॉर्नरचा मास्क: गालासाठी साडेचार तारे, मेंदूसाठी दीड

हॉकीत पेनल्टी कॉर्नरची, म्हणजे बचावातल्यांच्या गोलाजवळच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणाऱ्या फटक्याची, शिट्टी वाजली की गोलजाळीजवळ धांदल उडते. नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम असो, म्हाळुंगे-बालेवाडीचं टर्फ असो की खडकीतला एखादा सामना, दृश्य तेच. बचावातले चौघे मास्क तोंडावर दाबतात, कोणीतरी मागचा पट्टा ओढून देतं आणि कठड्यावरच्या पालकांपैकी एक तरी म्हणतोच, "आता डोक्याची काळजी नाही." मास्क चांगली वस्तू आहे, घ्यावीच. ते वाक्य मात्र चूक आहे आणि त्या चुकीची किंमत मास्कच्या किमतीपेक्षा फार मोठी पडते.

आधी वस्तूबद्दल. कॅम्पात, डेक्कनवर किंवा ऑनलाइन मिळणारे मास्क ढोबळमानाने दोन जातींचे. एक म्हणजे पारदर्शक किंवा एकरंगी पॉलिकार्बोनेटचा टणक मुखवटा, आतून कपाळ, गाल आणि हनुवटीवर फोमच्या पट्ट्या. दुसरा तारेच्या जाळीचा, कपाळाला आणि हनुवटीला जाड गादी असलेला. जाळीच्या मास्कमध्ये वारा खेळतो, पण खाली पायाजवळचा चेंडू बघताना एखादी तार नेमकी आड येते. पारदर्शक मास्कमधून स्वच्छ दिसतं, मात्र पावसाळ्यात दोन मिनिटांत आतून वाफ धरते. आपल्या स्पर्धेत कोणता चालतो ते संयोजकांना विचारूनच पैसे मोडावेत.

मास्क कशाशी झुंजतो तेही मोजून बघू. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. चांगल्या ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे स्टिकने ओढत नेऊन भिरकावलेल्या चेंडूचा, वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. पहिला रशर, म्हणजे चेंडू अडवायला पुढे धावणारा बचावपटू, फ्लिकरपासून सहा मीटरवर पोचला असेल, तर त्याच्या हातात पाव सेकंदही उरत नाही. चुकवण्याचा प्रश्नच मिटला. या वेगाच्या चेंडूत ६० जूलच्या आसपास ऊर्जा असते, आणि ती गालाच्या हाडावर एका रुपयाएवढ्या जागेत उतरली तर हाड मोडतं, दात जातात, डोळाही जाऊ शकतो. टणक कवच तोच मार कपाळ, गाल आणि हनुवटीवर पसरवून टाकतं. या कामात मास्कला तोड नाही. साडेचार तारे यासाठीच. अर्धा कापला तो वाफेसाठी.

दीड तारा कुठून आला? चेंडूचा धक्का मास्क पसरवतो, गिळून टाकत नाही. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू मास्कवर अडला की त्या डोक्याला सेकंदाला साधारण एक मीटरचा वेग मिळतो, चेंडू उसळून परत गेला तर आणखी जास्त, आणि तोही काही मिलिसेकंदांत. फटका हनुवटीच्या बाजूला बसला तर डोकं मानेवर गर्रकन वळतं. मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं ते हे वळणं. वाटीत लागलेलं दही आठवा. वाटीला झटका दिला की वाटी शाबूत राहते आणि दही मोडतं. वाटी स्टीलची केली म्हणून दह्याची घडी वाचत नाही. आतला फोम बोटभर जाडीचाही नसतो. तेवढ्या जागेत डोक्याला सावकाश थांबवायला वावच नाही.

दही मोडतं म्हणजे नेमकं काय होतं? चेतातंतू ताणले जातात, पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला पेशींना जास्त इंधन लागतं, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. हा सगळा बिघाड कामकाजातला, रचनेतला नाही. म्हणून सीटी स्कॅन स्वच्छ येतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे" याचा अर्थ रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, एवढाच. कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूच्या कामकाजात आलेला हा बिघाड, नाही असा त्याचा अर्थ होत नाही. शुद्ध हरपली नाही म्हणून काही झालं नाही, हाही तसाच गैरसमज. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही.

बहुतेक जण चार आठवड्यांच्या आत बरे होतात. उरलेल्यांचं दुखणं मात्र लांबतं आणि ते मैदानापेक्षा घरात आणि वर्गात जास्त दिसतं. वहीतून फळ्याकडे आणि फळ्यावरून वहीकडे नजर नेताना मूल गरगरतं, कारण दोन्ही डोळे एकत्र आत वळवण्याची आणि मान हलली तरी नजर स्थिर ठेवण्याची यंत्रणा बिघडलेली असते. घरी याची एक ढोबळ चाचणी करता येते. पेनाचं टोक नाकाकडे हळूहळू आणायचं. नाकाच्या टोकापासून पाच सेंटिमीटरपेक्षा लांब असतानाच एकाचे दोन दिसू लागले तर फिजिओला किंवा डोळ्यांच्या डॉक्टरला तसं सांगायचं. दुचाकीवर मागे बसून सिग्नलच्या गोंगाटातून गेलं की डोकं ठणकतं, ट्यूबलाइटचा उजेड सोसत नाही, झोप उडते किंवा दिवसभर येत राहते. मानेतून उठणारी डोकेदुखी तर अनेकदा मेंदूची म्हणून महिनोन्‌महिने चुकीची हाताळली जाते. तिला मानेचे व्यायाम लागतात, अंधारी खोली नाही.

मानसिक बाजू ओळखणं अधिक अवघड. चिडचिड, रडू येणं, अभ्यासात लक्ष न लागणं, धास्ती, उदासपणा. दहावीच्या वर्षात हे दिसलं की घरात त्याला आगाऊपणा किंवा अभ्यासाची टाळाटाळ म्हणतात. डोक्याला मार बसल्यानंतरच्या आठवड्यांत हा बदल आला असेल तर तो मारापासूनच मोजायला हवा.

बर्फावरच्या हॉकीत ही किंमत जाहीर झालेली आहे. तिथला मार वेगळा, अंगावर येणारे खेळाडू आणि कडेच्या फळ्या. पण मेंदू तोच. जानेवारी २०११ मध्ये सिडनी क्रॉस्बी या नामवंत खेळाडूला पाच दिवसांत दोन फटके बसले. तो परतला नोव्हेंबरमध्ये, आणि आठ सामन्यांनंतर लक्षणं पुन्हा उपटली. ब्रेट लिंड्रॉस विसाव्या वर्षी निवृत्त झाला. डेरेक बोगार्ड २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूत सीटीई सापडला. सीटीई म्हणजे टाऊ नावाच्या प्रथिनाची गाठोडी साठत जाणारा विकार. वर्षानुवर्षं वारंवार बसलेल्या माराशी त्याचा संबंध आहे आणि त्याचं पक्कं निदान अजून मृत्यूनंतरच होतं. तेव्हा एक फटका बसलेल्या पोराच्या आईला सीटीईची भीती घालणं हाही अतिरेकच. खरा धोका जवळचा आहे: पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसणं. कोवळ्या वयात अशा दुसऱ्या माराने मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव गेल्याची उदाहरणं आहेत. ती विरळ आहेत, पण आहेत.

आता मास्कच्या पिशवीत टाकायची दुसरी वस्तू, आणि ती फुकट आहे. कन्कशन रेकग्निशन टूल-६, म्हणजे सीआरटी-६. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून आलेला हा कागद डॉक्टर नसलेल्यांसाठी आहे: प्रशिक्षक, पंच, पालक. मान दुखतेय, वारंवार उलटी, आकडी, दोन दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा जोर कमी होणं, डोकेदुखी वाढत जाणं, शुद्ध हरपत जाणं, यांतलं काहीही दिसलं तर खेळाडूला हलवायचं नाही आणि १०८ ला फोन लावायचा. यातलं काही नसलं तरी उठायला लागलेला वेळ, तोल जाणं, शून्य नजर, डोकं धरून बसणं यांपैकी एकही गोष्ट दिसली की त्या दिवसाचा खेळ संपला. मग विचारायचे प्रश्न साधे: आपण कोणत्या मैदानावर आहोत? कितवा हाफ चाललाय? शेवटचा गोल कोणी मारला? मागचा सामना कोणाशी होता, आणि जिंकलो का? उत्तरं बरोबर आली म्हणून मात्र परत मैदानात सोडायचं नाही. हे प्रश्न शंका पक्की करण्यासाठी आहेत, फेडण्यासाठी नाहीत. या कागदाला पाच तारे. खोट एवढीच की संघाच्या किटमध्ये तो क्वचितच असतो.

त्याच्या पुढची पायरी स्कॅट-६. ही डॉक्टरांनी आणि फिजिओंनी करायची चाचणी, १३ वर्षांपासून पुढे, पहिल्या ७२ तासांत सर्वांत उपयोगी. ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. २२ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ६ गुण. दहा शब्द तीनदा ऐकवून विचारतात आणि निदान पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. डोळे मिटून तीन पवित्र्यांत प्रत्येकी २० सेकंद उभं करतात. नीट केली तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उरकली असेल तर ती झालेली नाही.

पुण्यात या चाचणीची एक खास अडचण आहे. शब्दांची यादी इंग्रजी. मराठी माध्यमातल्या चौदा वर्षांच्या मुलाने दहापैकी पाच शब्द सांगितले तर कमी पडलं ते डोकं की इंग्रजी? आयत्या वेळी शब्दांचं मराठी करणं त्याहून वाईट, कारण मग ती तपासलेली यादी राहत नाही. महिने उलटे म्हणायला सांगितल्यावर "डिसेंबर, नोव्हेंबर" अडखळणारी मुलं आहेत, आणि आजीकडे वाढलेलं एखादं "फाल्गुन, माघ, पौष" धडाधड म्हणून दाखवेल. उपाय एकच: हंगाम सुरू होण्याआधी, खेळाडू ठणठणीत असताना, ज्या भाषेत पुढे विचारणार त्याच भाषेत चाचणी करून गुण लिहून ठेवायचे आणि नंतरची तुलना त्याच्या त्याच्याशीच करायची. 'बेसलाइन' नावाने पॅकेज विकणाऱ्या केंद्राला पैसे देण्याआधी हे दोन प्रश्न विचारा: चाचणी कोणत्या भाषेत, आणि गुणांचा कागद आमच्या हातात देणार का? दुसऱ्याला नकार आला तर उठून या.

मैदानात परतण्याचा रस्ताही ॲमस्टरडॅमच्या परिषदेने आखून दिलाय. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती: घरातली हालचाल चालेल, मोबाइल कमी. आठवडाभर पडदे ओढून झोपवणं आता कोणी सांगत नाही. त्याने बरं होणं लांबतं. मग हलकं चालणं किंवा सायकल, आधी कमाल नाडीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, नंतर ७० पर्यंत. सोळा वर्षांच्या मुलाची कमाल २२० वजा १६ धरली तर हे आकडे ११२ आणि १४३. तिसऱ्या पायरीला एकट्याने धावणं आणि ड्रिब्लिंग, चौथ्याला धक्क्याविना सांघिक सराव, पाचव्याला पूर्ण सराव, सहाव्याला सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. दुखणं दहापैकी दोन गुणांपर्यंतच वाढलं आणि तासाभरात उतरलं तर चालेल, त्याहून जास्त झालं तर त्या दिवशी थांबायचं. चौथ्या पायरीपासून पुढे लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. ब्रिटनमध्ये २०२३ साली तळच्या पातळीवरच्या खेळांसाठी काढलेल्या सूचनेत २१ दिवसांआधी सामना नाही. डॉक्टर रोज हाताशी नसलेल्या आपल्या शाळांना हाच हिशेब सोयीचा. आंतरशालेय फायनल पंधराव्या दिवशी आली, तर ती गेली.

माऊथगार्ड घ्यावं का? घ्यावं. दातांसाठी तर नक्कीच, आणि बर्फावरच्या हॉकीत त्याने कन्कशनचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाल्याचं ॲमस्टरडॅमच्या परिषदेच्या निवेदनात आहे. त्याच निवेदनात मुलांच्या सामन्यांत अंगाने धडक देण्यावर बंदी घातल्यावर ५८ टक्के घट झाल्याचंही आहे. नियमाने जे साधतं ते दुकानात मिळत नाही. आपल्याकडेही नियम आहे: मास्कचा आधार घेऊन दुसऱ्याला धोका होईल असं खेळायचं नाही, आणि तो घालून गोलरेषेपासून २३ मीटरवरच्या रेषेबाहेर खेळायचं नाही. मास्क चढवल्यावर रशर अधिक बेधडक घुसतो. प्रशिक्षकाने त्याला रोखायचं ते इथे.

गोलीची, म्हणजे गोलरक्षकाची, गोष्ट वेगळी. त्याला पूर्ण डोकं झाकणारं, पक्की जाळी असलेलं हॉकीचंच हेल्मेट हवं, सोबत गळ्याचं संरक्षण. घरातलं क्रिकेटचं हेल्मेट चालणार नाही. ते गोलीसाठी केलेलंच नाही, आणि गळा उघडा राहतो.

मास्कच्या देखभालीत लोक एक चूक हमखास करतात. स्टिकरचा डिंक काढायला थिनर, पेट्रोल किंवा नेलपेंट रिमूव्हर लावतात. पॉलिकार्बोनेटला याने बारीक चिरा जातात, विशेषतः रिव्हेटच्या भोकांभोवती, आणि पुढच्या फटक्याला मास्क तिथूनच फुटतो. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. घेताना मास्क घालून मान जोरात दोन्हीकडे हलवा. घसरला तर एक माप लहान घ्या. आतला फोम बोटाने दाबून सोडा. खड्डा तसाच राहिला तर तो मेलेला आहे. मोठा फटका खाल्लेला मास्क उजेडात धरून केसाएवढी चीर शोधा, सापडली तर टाकून द्या. आणि फटका बसला त्या दिवशीच पिशवीतल्या कागदावर पेनाने लिहा: खेळाडूचा नंबर, वेळ, कुठे लागलं, काय बोलला. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.